छप्पर उतरवायला एक दिवस, चढवायला किती?



आखाजी झाली की खांडबारा परिसरात कौलं फेरायची लगबग सुरू होते. कुणी कौलं काढून पत्रा टाकतं. "दोन दिवसांचं काम" म्हणून छप्पर उघडलं, आणि मध्येच अवकाळी आला तर घरातलं बियाणं, खत, धान्य सगळं भिजतं. म्हणून दिवस आधी मोजा.

*२० बाय ३० फुटांचं घर, ४ माणसं : साधारण हिशेब*
▪️ नुसती कौलं फेरणे : २ ते ३ दिवस
*पत्रा टाकायचा असेल तर*
▪️ कौलं उतरवून रचणे : १ दिवस
▪️ वासे, आढं तपासून बदलणे : २ ते ३ दिवस
▪️ पत्रे बसवणे : १ दिवस
▪️ आढ्यावरचा पत्रा, कडा : १ दिवस

म्हणजे ५-६ दिवस. पण मिस्त्री लग्नसराईत अडकतो, पत्रे उशिरा येतात. म्हणून १५ दिवस धरा. मृग ७-८ जूनला लागतं. काम २० मेच्या आत सुरू करा.

*दिवस जातात कुठे?*
लाकडात. वरून चांगला दिसणारा वासा वाळवीनं आतून पोकळ असतो. कौलं उतरवायच्या आधीच खालून प्रत्येक वाशाला टोकदार सळई टोचून बघा. सळई आत गेली तर नवीन वासा आधीच आणून ठेवा.

*एवढं पाळा*
✅ सगळं सामान अंगणात आल्याशिवाय एकही कौल काढू नका.
✅ एका वेळी एकच बाजू उघडा. ताडपत्री जवळ ठेवा.
✅ बियाणं आणि खत आधी शेजाऱ्याकडे हलवा.
✅ पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. आढं पूर्व-पश्चिम असेल तर पत्रे पूर्वेच्या टोकाकडून लावत या, म्हणजे जोडात वारा शिरत नाही.
✅ वरचा पत्रा खालच्यावर किमान ६ इंच चढवा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशर लावूनच मारा.
⚠️ जुन्या सिमेंट पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो तुटतो. फळी टाकूनच चढा. मेन स्विच बंद ठेवा.

वादळानं छप्पर उडालं असेल तर आवरायच्या आधी फोटो काढा, तलाठ्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या.

पेरणीला निघाल तेव्हा घर कोरडं असू द्या. हा मेसेज आपल्या गटात पुढे पाठवा.