खुलासा मागितली जाणारी मैत्री

‘पुदु वसंतम’ या तमिळ चित्रपटात चार सडाफटिंग तरुण आहेत, गाण्याबजावण्यात नशीब काढू पाहणारे आणि खिशाने फाटके. प्रियकराला शोधत शहरात आलेली गौरी त्यांच्याकडे आसऱ्याला येते आणि तिथेच राहते. मुरली, आनंद बाबू, राजा, चार्ली आणि सितारा असे हे पाच जण. चित्रपट १९९० चा, दिग्दर्शक विक्रमन यांचा पहिलाच. तमिळनाडूत तो चांगला चालला, आणि त्याच वर्षी कन्नडमध्ये ‘श्रुती’ या नावाने पुन्हा बनला. एका छपराखाली चार पुरुष आणि एक तरुण मुलगी राहते, आणि त्यात प्रेमप्रकरण नाही. त्या काळातल्या प्रेक्षकाने हे पचवलं, एवढंच नव्हे तर डोक्यावर घेतलं.

पण शेवट बघावा. प्रियकर सापडतो आणि सापडताच संशय घेतो. गौरी त्याला नाकारते आणि मित्रांकडे परत जाते. टाळ्या पडाव्यात असाच तो प्रसंग आहे. मात्र त्यातून तमिळ चित्रपटाला एक साचाही मिळाला. स्त्री-पुरुषांची मैत्री दाखवायची, तर कुणीतरी तिच्यावर आरोप ठेवला पाहिजे, आणि मग मित्रांनी काहीतरी मोठं गमावून निर्दोष सुटलं पाहिजे.

त्याआधी ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली जायची. नायक आणि नायिकेखेरीज स्त्री-पुरुषांत जिव्हाळा दाखवायचा, तर त्यांना भावंडं करून टाकायचं. शिवाजी गणेशन आणि सावित्री यांच्या ‘पासमलर’ने (१९६१) भाऊ-बहिणीच्या मायेला असा काही बाजार मिळवून दिला की पुढे कित्येक वर्षं पडद्यावरची ही माया आटली नाही. आपल्याकडच्या ‘मानलेल्या भावा’ची सोय तिथेही होतीच.

सत्तरच्या दशकात ती सोय नाकारणारी माणसं आली. के. बालचंदर यांच्या ‘अवर्गळ’मध्ये (१९७७) छळणाऱ्या नवऱ्यापासून सुटलेली अनु, म्हणजे सुजाता, आणि तिचा बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा सहकारी, म्हणजे कमल हासन, यांच्यात मोठा सुंदर स्नेह आहे. (छळणारा नवरा रजनीकांत, मराठी घरातला हा शिवाजीराव गायकवाड तेव्हा खलनायकीच्या वाटेवर होता.) पण सहकारी मनातून तिच्यावर प्रेम करतो. म्हणजे एका बाजूने मैत्री आणि दुसऱ्या बाजूने वाट पाहणं.

सी. रुद्रैया यांचा ‘अवळ अप्पडित्तान’ मात्र अजूनही अंगावर येतो. १९७८ साली, रंगीत चित्रपटांच्या गर्दीत, हा कृष्णधवल चित्रपट आला. अरुण (कमल हासन) स्त्रियांच्या स्थितीवर माहितीपट करतोय. जाहिरात कंपनीत काम करणारी मंजू (श्रीप्रिया) त्याला मदत करते. तिचा मालक त्यागू म्हणजे पुन्हा रजनीकांत, बायकांबद्दलची मतं बेधडक बोलून दाखवणारा. अरुण आणि मंजू बोलतात, वाद घालतात, एकमेकांना दुखावतात. त्यांचं नातं नेमकं काय, हे चित्रपट ठरवून टाकत नाही. अरुण स्वतःला पुरोगामी समजतो, मंजू त्याचं हे समजणंच तपासत राहते. शेवटी तो एका साध्यासुध्या मुलीशी लग्न करून मोकळा होतो. गाडीत मंजू त्या नवीन बायकोला स्त्रीमुक्तीबद्दल विचारते आणि तिला त्यातलं काही ठाऊक नसतं. स्त्रियांवर माहितीपट काढणाऱ्याला बायको मिळाली ती अशी. तो त्या वेळी चालला नाही. आज तमिळ चित्रपटाचा अभ्यास करणारे त्याला टाळून पुढे जात नाहीत.

नव्वदच्या दशकात महाविद्यालयीन प्रेमाची लाट आली. ‘कादल देसम’मध्ये (१९९६) विनीत आणि अब्बास दोघंही तब्बूवर भाळतात आणि ती शेवटी कुणालाच निवडत नाही, मैत्री निवडते. धाडसी वाटतं खरं. पण अडीच तास प्रेमाची तहान लावून शेवटी मैत्रीचा पेला पुढे करणं याला तोडगा म्हणायचं, भूमिका नव्हे.

२००३ साली दोन टोकं एकदमच दिसली. विक्रमन पुन्हा आपल्या विषयाकडे वळले. ‘प्रियमान तोळी’त माधवन आणि श्रीदेवी विजयकुमार लहानपणापासूनचे मित्र. माधवनची बायको ज्योतिका ही मैत्री समजून घेते, पण मैत्रिणीच्या लग्नासाठी त्याला क्रिकेटमधली स्वतःची संधी सोडावी लागते. पुन्हा आरोप, पुन्हा त्याग. त्याच वर्षी सेल्वराघवन यांच्या ‘कादल कोंडेन’ने नेमकी उलट बाजू दाखवली. अनाथ, वर्गाने वाळीत टाकलेल्या विनोदशी (धनुष) दिव्या आपुलकीने वागते. त्याच्या आयुष्यातली ही पहिली आपुलकी, आणि तिचा अर्थ तो भलताच लावतो. विक्रमन यांच्या गोड दुनियेत जो गैरसमज बाहेरचे लोक करून घ्यायचे, तो इथे मित्राच्याच डोक्यात शिरलेला आहे.

चेरन यांच्या ‘ऑटोग्राफ’ने (२००४) मधला रस्ता काढला. नायकाच्या आयुष्यात येऊन गेलेल्या स्त्रियांची ही कथा. त्यातली दिव्या (स्नेहा) तेवढी मैत्रीण, आणि खचलेल्या नायकाला उभं करते तीच. तिच्या तोंडच्या उमेद देणाऱ्या गाण्यासाठी गीतकार पा. विजय आणि गायिका के. एस. चित्रा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. नायकाचं लग्न होतं ते घरच्यांनी ठरवलेल्या मुलीशी. दिव्या मैत्रीणच राहते, तिच्यावर खटला भरला जात नाही. फक्त ती जरा जास्तच देवी आहे, एवढी खंत राहते.

पुढच्या पिढीने भाषणं टाकून दिली. नलन कुमारसामी यांच्या ‘कादलुम कडंदु पोगुम’मध्ये (२०१६) एक मध्यमवयाकडे झुकलेला किरकोळ गुंड आणि नोकरी शोधणारी इंजिनिअर मुलगी शेजारी शेजारी राहतात. मूळ कथा कोरियन, पण विजय सेतुपती आणि मॅडोना सेबॅस्टियन यांच्यातली कुरबूर थेट चेन्नईच्या चाळवजा वस्तीतली वाटते. ती नोकरीच्या धडपडीत, तो भलत्याच भानगडीत, आणि दोघं एकमेकांच्या उपयोगी पडतात. याला काय म्हणायचं, हे कुणी विचारत नाही.

यानंतर मात्र मैत्री ही प्रेमाच्या गाडीचं प्रतीक्षालय होऊ लागली. ‘ओ माय कडवुळे’मध्ये (२०२०) मित्र लग्न करतात, फसतात आणि देवाच्या कृपेने दुसरी संधी मिळून पुन्हा जुळतात. ‘तिरुच्चित्रंबलम’मध्ये (२०२२) धनुष आणि नित्या मेनन एकाच इमारतीत वाढलेले. तो दुसऱ्या दोन मुलींच्या मागे लागतो तेव्हा ती त्याची थट्टा करते, सल्ला देते, पडलेलं तोंड बघून ओरडते. पूर्वार्धातली ही मैत्री इतकी खरी आहे की आजोबांनी ‘हीच का नको?’ असं सुचवल्यावर प्रेक्षकाला आनंद होतो आणि थोडी चुटपुटही लागते. नित्या मेनन यांना शोभनाच्या या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटातल्या शोभनाला मात्र शेवटी नवरा मिळाला, आणि मित्र तेवढा कमी झाला.