चित्राचा दोष कीं पडद्याचा ?



अलीकडे कित्येक घरांतून मुलें कागद व कुंचला यांऐवजीं संगणकावर चित्रें काढतात. हातांत लेखणी, मेजावर पाटीसारखा सपाट टॅब्लेट, आणि रेघ मात्र उमटते समोरच्या पडद्यावर. मधूनच पडद्यावर काळे चौकोन दिसूं लागतात, किंवा लेखणी टेकावी एकीकडे आणि रंग उमटावा बोटभर अंतरावर, असा प्रकार होतो. मूल घाबरतें, रंग पुसतें, पुन्हा भरतें. आणि चार तासांचें चांगलें काम स्वतःच्याच हातानें बिघडवून बसतें. हें नुकसान टाळतां येण्याजोगें आहे.

आम्हां नाशिकरोडकरांना येथें छपाईचें उदाहरण सुचतें, कारण टपालाचीं तिकिटें छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस आमच्याच गांवांत आहे. गोष्ट मात्र तिच्या स्थापनेपूर्वीची, कलकत्त्याची. १८५४ सालच्या चार आण्यांच्या तिकिटावर तांबडी चौकट व निळें राणीचें मस्तक असे दोन रंग दोन वेळां छापीत. त्यांत कांहीं तिकिटांवर मस्तक चौकटीच्या मानानें उलटें उमटलें. मूळ रेखाटन निर्दोष होतें. चूक पुढच्या टप्प्यावर झाली.

संगणकावरील रेघेचेहि असेच टप्पे असतात. टॅब्लेट लेखणीची जागा व दाब कळवितो. ड्रायव्हर नांवाची प्रणाली तो निरोप पोंचविते. चित्रकलेचें सॉफ्टवेअर त्यावरून रंग ठरवितें. ग्राफिक्स कार्ड तो मांडतें, आणि शेवटीं पडदा दाखवितो. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हें आधीं ओळखावें.

प्रथम कशालाहि हात न लावतां चित्र नव्या नांवानें साठवावें. मग त्याची पीएनजी प्रत काढून ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्यें किंवा फोनवर पाहावी. तेथें डाग नसेल, तर चित्र शाबूत आहे असें समजावें. डाग तेथेंहि दिसला, तर मात्र तो चित्रांतच आहे. तेव्हां शेवटच्या कृति एकेक मागें घ्याव्या आणि थर तपासावे. रेघ मुळींच उमटत नसेल, तर चुकून एखादा भाग निवडलेला राहिला आहे काय, किंवा थर झांकलेला आहे काय, हें पाहावें.

चित्र शाबूत असल्यास पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन तोहि फोनवर पाहावा. त्यांत डाग नसेल, तर पडदा किंवा त्याची तार तपासावी. डाग असेल, तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. क्रिटा या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्यें सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ या भागांत कॅनव्हस अ‍ॅक्सिलरेशनची सोय आहे. विंडोजवर तेथें ओपनजीएल व डायरेक्ट थ्री-डी असे पर्याय मिळतात. एकानें डाग येत असतील तर दुसरा निवडून सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावें. चित्र शंभर टक्के आकारांत पाहिल्यावर बारीक रेघांचा तुटकपणा नाहींसा झाला, तर तो केवळ आकार बदलल्याचा परिणाम होय.

रेघ दूर उमटत असेल तर तीच रेघ माउसनें ओढावी. माउसनें ती बरोबर आली, तर दोष टॅब्लेटच्या बाजूस आहे. संगणकास दोन पडदे जोडलेले असल्यास टॅब्लेट कोणत्या पडद्याशीं जुळविला आहे तें पाहावें. जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर राहिला असेल तर काढून टाकावा. दोन ड्रायव्हर एकमेकांच्या आड येतात. क्रिटाच्या टॅब्लेट-सेटिंगमध्यें विनटॅब व विंडोज इंक यांपैकीं दुसरा पर्यायहि लावून पाहावा.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि ती वहींत टिपून ठेवावी. नाहींतर गुण कशानें आला हें कळत नाहीं. आणि घरांतल्या वडील माणसांस एवढीच विनंति, कीं पडद्यावर रंग विस्कटलेला दिसला म्हणून मुलाच्या हाताला बोल लावण्याची घाई करूं नये. आधीं ती प्रत फोनवर उघडून पाहावी.