जुन्या तळणतेलावर पितळेची भट्टी

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या मंडळींना दोनच गोष्टी आठवतात, संत्री आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या काढून नवा जिल्हा झाला, तेव्हाही बातम्यांत पुन्हा तेच. मला पोळा म्हटला की आधी आवाज आठवतो. बैलांच्या गळ्यातल्या पितळी घंट्या आणि घुंगरमाळांचा. त्या कुठून येतात, हे बाजारात घेताना कुणी विचारत नाही.

आमच्या भागात हे काम जुनं आहे. सौंसर तहसिलीतलं लोधीखेडा तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी एकेकाळी नावाजलेलं होतं. शेजारच्या बैतूल जिल्ह्यातले भरेवा कारागीर आजही मेणाचा नमुना करून, त्यावर मातीचं लेपण देऊन पितळ ओततात. सौंसरकडचे एक ओतारी काका माझ्या ओळखीचे. वय सत्तरीपुढे, हात अजून स्थिर. दोन वर्षांपूर्वी ते म्हणाले, "सर, या पोळ्यानंतर भट्टी मोडून राह्यलो." दगडी कोळसा नागपूरहून आणायचा, तो परवडेना. लाकडी कोळसा लावला तर धुराची ओरड, कारण आजूबाजूला आता घरं झाली आहेत. मूस तापायला दीड तास, आणि तेवढा वेळ भात्याजवळ बसायला माणूस हवा. मुलगा बोरगावला कारखान्यात लागलेला.

मी आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. निवृत्तीनंतर हातांना काम हवंच होतं. म्हटलं, काका, मोडायच्या आधी तेलावर चालवून पाहू.

पहिला प्रश्न कोणतं तेल, हा. सगळे एकच उत्तर देतात, गॅरेजमधलं जळकं ऑइल. स्वस्त मिळतं, जळतंही छान. पण त्यात इंजिनाची झीज होऊन आलेले धातू असतात, तेलात मिसळलेली रसायनं असतात, आणि धुराबरोबर ते सगळं अंगणातल्या पोराबाळांच्या छातीत जातं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते मान्यताप्राप्त पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवं. म्हणून ते आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं.

राहिलं हॉटेलचं तळणतेल. तेल वारंवार तापवलं की त्यात 'पोलर कंपाउंड' म्हणतात ते घटक वाढत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. अशा तेलापासून बायोडिझेल व्हावं म्हणून त्याच वर्षी योजनाही निघाली. पण रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणारे मोठे लोक वेगळे आणि कोपऱ्यावरचा समोसेवाला वेगळा. त्याच्याकडचं काळं तेल कुणीतरी स्वस्तात नेतं आणि पुन्हा त्यातच भजी तळतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते भट्टीत गेलेलं काय वाईट?

आता बर्नर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना सांगावं लागत नाही. स्वीडनच्या लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये 'प्रायमस' काढला आणि पुढची कित्येक दशकं आपल्या आया-आज्ज्या पिन मारत बसल्या. ज्योत निळी असली की भांडी लख्ख, पिवळी झाली की बूड काळं. सगळी विद्या तिथेच आहे. तेल द्रवरूपात जळतच नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही पुरेशी हवा मिळाली तरच. स्टोव्ह तेलाची आधी वाफ करतो. जाड तेलाला दुसरा रस्ता असतो, जोराच्या झोतानं त्याचा तुषार करायचा. रशियन इंजिनियर शुखोव यांनी वाफेच्या झोतानं हेच केलं होतं, आणि तेही तेलशुद्धीनंतर उरलेल्या, टाकाऊ समजल्या जाणाऱ्या जाड तेलावर.

आमचा बर्नर अगदी साधा. दोन इंची लोखंडी पाइप, हात-दीड हात लांब. मागच्या टोकाला लोहाराकडे असतो तसला विजेचा ब्लोअर. पाइपाच्या मधोमध आत सरकवलेली तांब्याची बारीक नळी, तिचं तोंड पाइपाच्या तोंडापासून दोन बोटं आत. तेलाचा डबा भिंतीवर सहा फूट उंचीवर, खाली बारीक चुडीचा नीडल वाल्व्ह. हवा कमीजास्त करायला ब्लोअरच्या तोंडावर पत्र्याची सरकती झडप. भट्टी म्हणजे कापलेला ड्रम, आतून अग्निविटा आणि नागपूरहून आणलेलं कास्टेबल, वर चार इंची भोकाचं झाकण. कास्टेबल दोन दिवस अगदी मंद आचेवर वाळवायचं, नाहीतर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतं. पाइप भट्टीत सरळ मुशीवर रोखायचा नाही, कडेनं तिरका घालायचा. मग जाळ मुशीभोवती भोवऱ्यासारखा फिरत वर येतो आणि मूस एकाच जागी भाजत नाही.

तेलाची तयारी मात्र स्वयंपाकघरासारखी. आठ दिवस डबा हलवायचा नाही. तळाला पाणी आणि बेसनाचा गाळ बसतो, वरचं तेवढं जुन्या सुती धोतराच्या चार घड्यांतून गाळायचं. पाणी राहिलं तर ज्योत तडतडते, कण राहिला तर नळी तुंबते. थंडीत हे तेल तुपासारखं घट्ट होतं, म्हणून आम्ही तांब्याच्या नळीचे दोन वेढे भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याला टेकवून घेतले. तापलेलं तेल पातळ होतं आणि बारीक फुटतं.

हे तेल काडीनं पेटत नाही. डिझेल साठ-सत्तर अंशांच्या आसपास पेटतं धरलं, तर खाण्याच्या तेलाला तीनशेच्या वर जावं लागतं. म्हणून आधी भट्टीत लाकडी कोळसा पेटवून भिंती लाल करायच्या, मग ब्लोअर हळू आणि तेल थेंबथेंब. घरात साठवायला हे तेल डिझेलपेक्षा निर्धोक, ते याच कारणानं.

खरा वेळ गेला तो सूर लावण्यात. तीन रविवार. एक लिटर तेल पुरतं जाळायला साडेनऊ घनमीटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे तेलाचे पंधरा किलोचे डबे असतात ना, तसे जवळपास सहाशे डबे भरून हवा! एवढीशी धार आणि एवढा वारा, हे प्रमाण डोळ्यांना पटत नाही, म्हणून हात नेहमी तेलाच्या वाल्व्हकडे जातो. झाकणातून काळा धूर आला की तेल जास्त. भक्‌ भक्‌ असे उचके लागले की थेंब नीट फुटत नाहीत, किंवा भिंती तापण्याआधीच वारा वाढवलाय. आणि पांढरा धूर आला की तिथल्या तिथे तेल बंद, कारण ती न जळलेल्या तेलाची वाफ असते आणि तिला एक ठिणगी पुरते. मी वहीत वाल्व्हचे आटे लिहीत होतो, पाव, अर्धा, पाऊण. काका वहीकडे बघतही नव्हते. तिसऱ्या रविवारी त्यांनी झडप एक बोट उघडली आणि म्हणाले, "आयका सर, आता एकसुरी बोलून राह्यली." खरंच, घरघर जाऊन सलग घुमणारा आवाज आला होता. झाकणाच्या भोकावर दोन-तीन बोटं उंच ज्योत, धूर नाही. मी वाल्व्ह पाहिला, पाऊण आटा. वहीत लिहून घेतलं, पण त्यानंतर मीही आधी कान देतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वीज. आपल्याकडे ती जाते, आणि पोळ्याच्या पावसाळी दिवसांत हमखास जाते. ब्लोअर बंद पडतो, पण तेल उंचावरच्या डब्यातून आपल्या वजनानं येतच राहतं. लालभडक भट्टीत त्याची वाफ भरते आणि वीज परतून ब्लोअर फिरला की भडका. नोकरीच्या काळात एका कारखान्यात अशा भडक्यानं भट्टीचं जड झाकण उडून पडलेलं मी पाहिलं होतं. जवळ कुणी नव्हतं म्हणून बरं. त्यामुळे काकांना मी आधीच सांगितलं होतं, याचा बंदोबस्त होईपर्यंत मूस चढवायची नाही.

उपाय शेतात सापडला. विहिरीवरच्या मोटरचा साधा स्टार्टर वीज गेली की सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. (शेतकरी त्याला कंटाळून ऑटो लावतात, ते इथे अजिबात नको.) ब्लोअर त्या स्टार्टरवर घेतला आणि त्याच तारेवर तेलाच्या नळीत एक सोलेनॉइड वाल्व्ह बसवला, वीज नसली की स्प्रिंगनं बंद होणारा. आता वीज गेली की वारा आणि तेल दोन्ही थांबतात, आणि आली तरी आपसूक सुरू होत नाहीत. परत लावताना आधी हाताचा कॉक बंद, मग दोन मिनिटं नुसता वारा, मग तेल. पहिल्या ओतकामाच्या दिवशी वीज दोनदा गेली. दोन्ही वेळा वाल्व्हचा 'टक्' आवाज ऐकून काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

पितळ ॲल्युमिनियमइतकं सोसणारं नसतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतं. पितळाला मिश्रणाप्रमाणे नऊशे आणि त्याच्या थोडं वर लागतं, आणि त्यातलं जस्त ९०७ अंशांवर उकळतं. म्हणजे वितळणं आणि बिघडणं अगदी शेजारी-शेजारी. कोळशावर हे अंतर हळूहळू ओलांडलं जाई, बर्नर ते बघताबघता ओलांडतो. मुशीवर हिरवट ज्योत आणि पांढरा लोकरीसारखा धूर दिसला की जस्त निघालं. पितळ तांबूस पडतं, आणि तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. ओताऱ्यांच्या घरात हा ताप सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे वर टाकणखार आणि काचेचा चुरा, वाऱ्याकडे पाठ आणि वेळेवर उतरवणं. ती वेळ काका रंगावरून ठरवतात. मी नागपूरहून तापमापक आणला होता, तो पेटीतच आहे.

आणखी एक सांगतो, कारण वाचून कुणीतरी अंगणात प्रयोग करील. भट्टीच्या आसपास जमिनीवर कोरडी वाळू हवी, फरशी किंवा काँक्रीट नको. सांडशी, भंगार, साचा, सगळं आधी तापवून कोरडं करायचं. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा एक थेंब सापडला तरी तो धातू उडवतो. पायात चामड्याचे बूट, अंगावर सुती कपडे, पोरं फाटकाबाहेर. आणि छताखाली नाही.

हिशेब असा. सहा किलो पितळाची पहिली मूस चाळीस मिनिटांत आणि चार लिटर तेलात उतरली. भिंती तापलेल्या असल्यानं दुसरीला तीनच लिटर. यात उधळपट्टीच जास्त, कारण बहुतेक उष्णता झाकणातून वर जाते. पण समोसेवाला तेलाच्या बदल्यात फक्त डबा धुऊन मागतो, आणि भाता ओढायला माणूस लागत नाही.

दोन पोळे झाले, भट्टी उभी आहे. बैल कमी झालेत, तेव्हा घंट्यांची निम्मी मागणी आता दाराला टांगायला नेणाऱ्यांची. सुट्टीच्या दिवशी मुलगा झडपेजवळ बसतो. बर्नरचा घुमणारा आवाज मात्र दोन गल्ल्या ऐकू जातो, म्हणून शेजाऱ्यांशी ठरलंय, ओतकाम सकाळी सातनंतर आणि परीक्षेच्या दिवसांत बंद. ब्लोअर मातीच्या खोक्यात बसवून पाहायचं माझ्या डोक्यात आहे. काका म्हणतात, खोका करा, पण मले आवाज आयकू आला पायजे.