विन, प्लेस आणि घरखर्च

मैत्रिणींनो, घोड्यांची रेस आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिली असेल ती सिनेमातच. मोठ्या हॅट घातलेल्या बायका, डोळ्यांना दुर्बिणी लावलेले शेठलोक आणि शेवटच्या क्षणी पुढे निघणारा हिरोचा घोडा! प्रत्यक्षात मोठी रेसकोर्सं महाराष्ट्रात दोनच, मुंबईचं महालक्ष्मी आणि पुण्याचं. हिवाळ्यात मुंबईचा सीझन, पावसाळ्यात पुण्याचा. पण रेसमध्ये जाणारे पैसे काही फक्त मुंबई-पुण्याचे नसतात. ते तालुक्याच्या गावातून जातात, एसटी स्टँडमागच्या टपरीवरून जातात आणि आता तर मोबाइलवरून जातात.

मागच्या महिन्यात एक मैत्रीण घरी आली. नवऱ्याचं स्पेअर पार्टचं दुकान, स्वतः शिवणकाम करते, दोन मुली. चहा घेऊन झाल्यावर तिने पर्समधून चार घड्या घातलेली एक चिठ्ठी काढली. शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडलेली. त्यावर लिहिलेलं होतं, ‘४ विन ५००, ६ प्लेस ५००, २-७ क्वि २००, जॅक २४३०’. म्हणाली, “ताई, तुमचे वडील रेसकोर्सवर कामाला होते ना? मला हे समजेल असं सांगा. ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुला नाही कळायचं.”

हे ‘तुला नाही कळायचं’ मला फार लागलं. कारण यात न कळण्यासारखं खरंच काही नाही. माझे वडील बँकेतली नोकरी सांभाळून रेसच्या दिवशी पुण्याला टोटच्या खिडकीवर बसायचे. तिकिटं द्यायची, पैसे मोजून घ्यायचे. आमच्या घरात रेस कधी खेळली गेली नाही, पण रात्रीच्या जेवणाला रेसचं बोलणं मात्र असायचं. त्यामुळे हे शब्द मला लहानपणापासून वरण-भातासारखे ओळखीचे.

आधी सोपे शब्द घेऊ. विन म्हणजे आपण सांगितलेला घोडा पहिला आला पाहिजे. दुसरा आला, अगदी नाकाच्या अंतराने, तरी पैसे गेले. प्लेस म्हणजे तो पहिल्या काही घोड्यांत आला तरी चालतं. किती जागा धरायच्या ते किती घोडे धावताहेत त्यावर ठरतं. थोडे असतील तर दोन, जास्त असतील तर तीन, कधी चारही. एसएचपी नावाचा एक प्रकार आहे, त्यात घोडा बरोबर दुसराच यायला हवा. पहिला आला तरी हरलात! क्विनेला म्हणजे पहिले दोन घोडे सांगायचे, कुठला पुढे कुठला मागे याला महत्त्व नाही. फोरकास्टमध्ये तेच दोघे, पण क्रमानेच. आणि टनाला म्हणजे पहिले तीन, तेही क्रमाने.

आता जरा गणित करा. दहा घोडे धावताहेत असं समजू. क्विनेलाच्या जोड्या होतात ४५. फोरकास्टच्या ९०. आणि टनालाच्या? ७२०! यातली एकच लागायची. म्हणून टनालाचा आकडा पेपरात एवढा मोठा छापून येतो. ते काही दान नाही.

चिठ्ठीतला ‘जॅक’ म्हणजे जॅकपॉट. सलग पाच शर्यतींचे पहिले घोडे आधीच सांगायचे. सुपर जॅकपॉट असेल तर सहा. एकेका शर्यतीत एकच घोडा धरला तर एक ओळ होते. पण एकाच घोड्यावर कोणाचा भरवसा बसतो? मग प्रत्येक शर्यतीत दोन-दोन धरतात. दोन गुणिले दोन असं पाच वेळा केलं की ३२ ओळी. तीन-तीन धरले की २४३. एका ओळीचे दहा रुपये धरले, तर झाले २,४३० रुपये. मैत्रिणीने चिठ्ठीकडे पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे हा जॅकपॉट नाही, हे शिधापत्रिकेवरचं महिन्याचं सामान आहे.” प्रत्येक शर्यतीत दहा घोडे असतील तर पाच शर्यतींच्या ओळी होतात बरोबर एक लाख. त्यातल्या २४३ तिच्या नवऱ्याच्या. सगळ्या ओळी सारख्या वजनाच्या नसतात हे खरं, चांगल्या घोड्यांची शक्यता जास्त असते. पण ते चांगले घोडे बाकीच्यांनीही धरलेले असतात, आणि लागलाच तर तो पैसा त्या सगळ्यांत वाटला जातो.

वाटला जातो, हाच कळीचा शब्द. टोट म्हणजे भिशीच समजा. सगळ्यांचे पैसे एका डब्यात. भिशीत आणि टोटमध्ये फरक एवढाच की भिशीत प्रत्येकीचा नंबर कधी ना कधी लागतोच, आणि डब्याला आधी कोणी हात लावत नाही. टोटमध्ये डबा उघडला की क्लब आधी आपला हिस्सा काढून घेतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतो. समजा, एका शर्यतीच्या विनवर एक लाख रुपये जमले. वीस टक्के बाजूला गेले असं धरू, उरले ऐंशी हजार. जिंकलेल्या घोड्यावर लोकांनी वीस हजार लावले होते. मग प्रत्येक दहा रुपयांना मिळाले चाळीस. पण तोच घोडा सगळ्यांचा लाडका असता, त्याच्यावर साठ हजार लागले असते, तर दहा रुपयांना मिळाले असते तेरा रुपये आणि काही पैसे. घोडा तोच, शर्यत तीच. फरक फक्त बाकीच्यांनी काय केलं याचा.

ही युक्ती निघाली पॅरिसमध्ये, १८६० च्या दशकात. जोसेफ ओलर नावाच्या गृहस्थांनी काढली. (याच ओलरनी पुढे तिथलं प्रसिद्ध मूलाँ रूज नाट्यगृह उभं केलं. करमणुकीतून पैसा कसा काढायचा हे माणसाला बरोबर कळलं होतं!) यात डबा चालवणाऱ्याला कुठला घोडा जिंकतो याच्याशी देणं-घेणंच नसतं. त्याचा वाटा शर्यतीआधीच ठरलेला. माझे वडील हे हसून सांगायचे की, अख्ख्या रेसकोर्सवर दर शर्यतीत जिंकणारी एकच खिडकी असते आणि ती आमची.

बुकीचं तंत्र वेगळं. तो भाव सांगतो, ‘दोनाला एक’ म्हणजे शंभर लावले तर दोनशे नफा आणि आपले शंभर परत. टोटमध्ये भाव शेवटपर्यंत हलत राहतो, बुकीकडे तिकिटावर लिहिला तोच. म्हणून लोकांना वाटतं, इथे फसवणूक नाही. फसवणूक नसतेच, भाव तसे बांधलेले असतात. चार घोड्यांची शर्यत घ्या. पहिल्याला भाव बरोबरीचा, म्हणजे शंभराला शंभर नफा. दुसऱ्याला दोनास एक, तिसऱ्याला चारास एक, चौथ्याला नवास एक. आता तुम्ही ठरवलंत की कुठलाही घोडा येवो, मला शंभर रुपये हातात मिळाले पाहिजेत. तर पहिल्यावर पन्नास लावावे लागतील, दुसऱ्यावर तेहतीस, तिसऱ्यावर वीस, चौथ्यावर दहा. बेरीज करा. एकशे तेरा! म्हणजे शंभर मिळवायला एकशे तेरा द्यायचे. भाजीवाल्याने असा हिशेब केला तर आपण गल्ली डोक्यावर घेऊ.

मैत्रिणीचा नवरा म्हणतो, “मी मुख्यतः प्लेस खेळतो, त्यात जात नाही काही.” हेही ऐकण्यासारखं आहे, कारण पुष्कळ घरांत हेच सांगितलं जातं. आवडत्या घोड्याचा प्लेसचा भाव दहा रुपयांना अकरा-बारा इतकाच येतो. बारा धरा. म्हणजे दोन रुपयांसाठी दहा रुपये पणाला. पाच वेळा बरोबर आलं आणि एकदा चुकलं की फिट्टंफाट. सहापैकी पाच वेळा बरोबर यायला हवं, तेही फक्त जिथल्या तिथे राहण्यासाठी.

“पण ते म्हणतात हा जुगार नाही, कोर्टानेच सांगितलंय.” खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तामिळनाडूच्या एका खटल्यात घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. घोड्याचं कुळ, त्याचा सराव, जॉकी, मैदान, अंतर हे सगळं अभ्यासता येतं. पण कौशल्य आहे म्हणून पैसे मिळतील असं काही कोर्टाने म्हटलेलं नाही. शिवाय एक गंमत बघा. बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात. म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचं, कमी ताकदीच्याला हलकं ठेवायचं, म्हणजे सगळे जवळजवळ एकत्र पोचतील. जाणकारांनी बसून शर्यत मुद्दाम अवघड केलेली असते, आणि आपल्या गावातला जाणकार चहाच्या टपरीवर बसून ती सोडवतो! खेळ म्हणून रेस देखणी असते, हे मी नाकारत नाही. पहिला इंडियन डर्बी १९४३ मध्ये झाला तेव्हा जिंकली होती प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाची घोडी, हे सांगताना वडिलांचा चेहरा खुलायचा. बघायला जावं, मला काही अडचण वाटत नाही.

आता कराचं. बेटच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे शंभराच्या बेटवर चाळीस रुपये, तेही घोडा धावायच्या आधी. दहा हजारांच्या वर जिंकलं तर ३० टक्के आयकर कापून हातात येतात, आणि वर्षभर हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. जिंकलेलं सरकारला दिसतं, हरलेलं फक्त घराला.

एवढा कर कोण भरणार? म्हणून स्टँडमागचा माणूस. तो कर घेत नाही, तिकीटही देत नाही. कायद्याने रेसचं बेटिंग चालतं ते परवाना असलेल्या ठिकाणीच, हा माणूस त्यात येत नाही. पण माझ्या मते त्याच्यात सगळ्यांत वाईट गोष्ट कर चुकवणं ही नाहीच. तो उधार देतो. रेसकोर्सच्या खिडकीवर खिसा रिकामा झाला की माणूस घरी येतो. इथे खिसा रिकामा झाला तरी ‘लिहून ठेव’ म्हणता येतं, आणि वहीतलं ते देणं घरात कोणालाच माहीत नसतं.

मैत्रिणीने चिठ्ठीची बेरीज स्वतःच केली. ३,६३०. एका रविवारची. “महिन्याचे चार रविवार,” ती म्हणाली आणि थांबली. थोरलीच्या क्लासची फी तीन महिने थकलेली. मग म्हणाली, “पण ताई, एकदा अठरा हजार लागले होते. फ्रिज त्यातूनच घेतला.” हा फ्रिज प्रत्येक घरात असतो बरं का! कोणाचा टीव्ही असतो, कोणाची बांगडी. तो समोर दिसतो, रोज दार उघडतो. गेलेले पैसे कुठेच उभे राहत नाहीत. मी तिला एक साधी वही घालायला सांगितली. डावीकडे गेलेले, उजवीकडे आलेले, तारखेसकट. भांडायला नाही, नवऱ्यापुढे ठेवायला. ज्याला ‘थोडक्यात हुकलं’ एवढंच आठवतं, त्याला तारखा पुरतात कधी कधी.

कधी कधी पुरत नाहीतही. उधारी लपवणं, दागिने गहाण टाकणं, हरल्यावर दुप्पट लावून भरून काढू म्हणणं, हे सुरू झालं असेल तर समजावण्यावर थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट असतो, मराठीत बोलता येतं, आणि बायकोने केलेला फोनही चालतो. पुण्याचं मुक्तांगण दारूसाठी ओळखलं जातं, पण जुगारासारख्या सवयींसाठीही तिथे विचारायला हरकत नाही.

आणि दोन कायद्याच्या गोष्टी, कारण त्या आपल्याला कोणी सांगत नाही. पैजेतून झालेलं देणं, म्हणजे या स्टँडमागच्या माणसाची उधारी, १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे कोर्टात वसूल करता येत नाही. तो दारात येऊन ‘केस करीन’ म्हणाला तर घाबरून मंगळसूत्र काढून देऊ नका; धमकी दिली तर पोलिसांत जा. दुसरं, स्त्रीधन तुमचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय की त्यावर नवऱ्याचा मालकीहक्क नाही, अडचणीत त्याने वापरलं तरी परत करणं त्याच्याकडे लागतं. नवऱ्याच्या नावावरच्या वैयक्तिक कर्जाची जबाबदारीही आपोआप तुमच्यावर येत नाही, तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली नसेल तोवर. म्हणून पतसंस्थेचा माणूस कागद घेऊन आला आणि ‘वहिनी, इथे नुसती एक सही’ म्हणाला, तर कागद ठेवून घ्या, पूर्ण वाचा आणि मगच काय ते ठरवा.