सुपरसोल्जर आणि कोलंबीची टरफलं

लष्करी जैवतंत्रज्ञान म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सिनेमातला सुपरसोल्जर: जनुकं बदललेला, न थकणारा, न झोपणारा. असा सैनिक कुठल्या लष्करानं घडवल्याचा पुरावा नाही. फ्रान्सच्या संरक्षण खात्याच्या नीतिसमितीनं डिसेंबर २०२० मध्ये सैनिकांची क्षमता वाढवण्याच्या संशोधनाला अटी घालून हिरवा कंदील दाखवला, तर मथळे असे झळकले की जणू पलटण उभीच आहे!

झोप उडवण्याचा उद्योग मात्र जुना. १९४० मध्ये जर्मन फौज फ्रान्सवर चालून गेली ती पर्व्हिटिन, म्हणजे मेथअँफेटामिनच्या गोळ्या घेऊन. थकवा जाणवेनासा झाला, गेला नाही. वर व्यसन लागलं. पुढच्याच वर्षी जर्मनीनं या गोळीवर अफूच्या कायद्याखाली निर्बंध घातले.

खरी प्रगती कमी दिमाखदार आहे. ती आहे रक्त थांबवण्यात. २००१ ते २०११ या काळात युद्धात दगावलेल्या सुमारे ४,६०० अमेरिकी सैनिकांचा अभ्यास झाला. बहुतेकांनी रुग्णालय गाठण्याआधीच प्राण सोडले होते. त्यांतल्या ज्यांना वाचवता आलं असतं, त्यांच्यापैकी दहातले नऊ रक्तस्रावानं गेले.

हा रक्तस्राव रोखण्यासाठीच इराक-अफगाणिस्तानात सैनिकांजवळ कायटोसानची पट्टी आली. कायटोसान बनतं कोलंबीच्या टरफलांपासून, जी आपण सोलून फेकून देतो. ओल्या जखमेला ते घट्ट चिकटतं आणि रक्ताची वाट बंद करतं.

हातापायाला टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, आवळलं की तो अवयव कापावाच लागतो, ही समजूतही जुनी. २००६ मध्ये बगदादच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात शेकडो टुर्निकेटांची नोंद ठेवली गेली. निव्वळ त्यामुळे एकही अवयव गमवावा लागला नव्हता. रुग्ण शॉकमध्ये जाण्याआधी ते आवळलं, तर जगण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आणि युद्धभूमीवरची औषधं गुप्त प्रयोगशाळांतून येतात, असं मानणाऱ्यांनी ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड आठवावं. पाळीत अति रक्तस्राव झाला की आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात तीच गोळी. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्यानं ते शोधलं. उताकोंच्या मनात होत्या बाळंतपणात रक्त जाऊन दगावणाऱ्या बायका. आज तेच औषध युद्धभूमीवर शिरेतून देतात. ते नवी गुठळी बनवत नाही, झालेली विरघळू देत नाही. २०१० मध्ये ४० देशांतल्या, त्यात भारतही आला, वीस हजार जखमींवर झालेल्या चाचणीत त्यानं मृत्यू घटल्याचं दिसलं. फक्त घड्याळाकडे लक्ष हवं: जखम झाल्यापासून तीन तास उलटले, की उपयोग संपतो आणि अपायाची शक्यता सुरू होते.