मोजा आधी उलटा करून बघा

मधुमेही माणसांच्या पायांचं ड्रेसिंग करणं हे माझं रोजचं काम. पेशंट खुर्चीत बसला की मी बूट काढते, मोजा काढते आणि पायाकडे वळण्याआधी तो मोजा उलटा करून बघते. तळव्याच्या जागी पिवळट ओल असेल, करंगळीपाशी रक्ताचा ठिपका असेल, तर जखम कुठे शोधायची ते लगेच कळतं. पेशंटला पुष्कळदा त्याचा पत्ताच नसतो. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचो की शिवण घासो, कळ म्हणून येत नाही. म्हणून अशांना माझं पहिलं सांगणं असतं, मोजे पांढरे किंवा फिकट रंगाचे घ्या. काळ्या मोज्यात मळ लपतो, तसं रक्तही लपतं.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हे सांगणं मूठभरांपुरतं नाही. कुष्ठरोगातही पाय असेच बधिर होतात. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की बधिर पाय आपोआप झडत नाही. न जाणवणारा दाब त्याच त्या जागी पडत राहतो आणि तिथे जखम होते. पुढे अमेरिकेत कारव्हिलला त्यांनी रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या असलेले मोजे वापरले. चालताना जिथे दाब जास्त, तिथल्या कुप्या फुटून रंग उमटायचा. मला या मोज्यांचं फार अप्रूप वाटतं. पायाला सांगता येत नव्हतं ते मोजा सांगत होता.

दुकानात आपण मोज्याची नक्षी बघतो, रंग बघतो. खरं बघायचं ते आतून. मोज्यात हात घाला आणि बोटांवरच्या शिवणीवरून अंगठा फिरवा. जाड, टोचरी गाठ लागली तर ती जोडी ठेवून द्या. सपाट शिवणीचे किंवा बिनशिवणीचे मोजे मिळतात. थोडे महाग पडतात, पण बधिर पायांसाठी तेच घ्यावेत. ‘फ्री साइज’वर विसंबू नका. मोज्याची टाच तुमच्या टाचेवरच बसली पाहिजे. ती घोट्यावर चढत असेल तर मोजा मोठा आहे, त्याच्या चुण्या बुटात रुतणार. तळव्याखाली राहत असेल तर लहान, बोटं आवळणार. शाळकरी मुलांच्या बाबतीत हे हमखास राहून जातं. बूट नवे येतात, मोजे गेल्या वर्षीचेच. वरचं इलॅस्टिकही तपासा. संध्याकाळी पोटरीवर खोल वळ दिसत असेल तर ते फार घट्ट आहे.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. जोडव्यांवरून मोजा चढवला की जोडवं शेजारच्या बोटात दाबलं जातं. संवेदना शाबूत असेल तर आपण ते सरकवतो. बधिर बोटाला ते समजत नाही. मधुमेह असेल तर बूट-मोजे घालताना जोडवी काढून ठेवावीत, असं मी आग्रहाने सांगते. काही जणींना ते जड जातं, त्याचा मला आदरच आहे. पण त्या बोटांच्या बेचक्यांतल्या जखमा मी धुतल्या आहेत.

कापडाबद्दल ‘कॉटनच बरं’ असं सरसकट म्हणतात. कॉटन घाम शोषतं हे खरं, पण तो धरूनही ठेवतं. दिवसभर बंद बुटात असलेला कॉटनचा मोजा दुपारपर्यंत दमट होतो, आणि दमट कातडी जास्त घासली जाऊन फोड येतात. थोडं नायलॉन आणि इलॅस्टेन मिसळलेलं कॉटन आकार धरतं, ते रोजच्याला चांगलं. खूप चालणं असेल तर घाम बाहेर टाकणारे खेळाडूंचे मोजे घ्यावेत. ‘बांबूचे’ मोजे बहुधा बांबूच्या लगद्यापासून केलेल्या व्हिस्कोसचे असतात. मऊ असतात, एवढंच. काहीही घ्या, बॅगेत दुसरी कोरडी जोडी ठेवा आणि दुपारी बदला.

पावसाळ्यात तर ही दुसरी जोडी हवीच. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की बुरशी धरते, चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते आणि त्या फटीतून जंतू आत शिरतात. मोजे उलटे करून गरम पाण्यात धुवावेत, अर्धवट वाळलेले कधीच घालू नयेत. घरात एकमेकांचे मोजे घालणंही नको.

पाय सुजतात म्हणून दुकानातून घट्ट दाबाचे मोजे आपल्या मनाने आणू नयेत. पायाकडे येणारा रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर ते घातक ठरतात. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब तपासून डॉक्टर ते ठरवतात.

आणि देवळाबद्दल. एप्रिल-मे महिन्यांत फरशी तापलेली असते, चपला बाहेर राहतात आणि बधिर तळव्यांना चटका कळत नाही. प्रदक्षिणा घालून आलेल्या माणसाच्या दोन्ही तळव्यांना फोड, असं आमच्याकडे दर उन्हाळ्यात दिसतं. कापडी मोज्यांना सहसा कुणी अडवत नाही; जाड टॉवेलच्या कापडाचे मोजे घालूनच आत जावं, तेही सकाळी लवकर. कारण भर दुपारच्या दगडापुढे मोजाही पुरा पडत नाही. बाहेर आल्यावर ते काढून तळवे बघावेत. वाकता येत नसेल तर सोबतच्या मुलाला, सुनेला बघायला सांगावं.