जळगावचा गायक आणि खान्देशी गाण्याची न झालेली सूची

एखाद्या गायकाच्या कारकिर्दीचा अभ्यास करायचा तर ध्वनिमुद्रणसूची हे पहिले साधन ठरते. कोणते गाणे कोणत्या वर्षी, कोणत्या संस्थेमार्फत, कोणत्या माध्यमावर प्रकाशित झाले आणि त्यात गीतकार, संगीतकार व वादक कोण होते, याची कालक्रमाने केलेली नोंद म्हणजे ध्वनिमुद्रणसूची. लॅटिन पॉप, म्हणजे मुख्यतः स्पॅनिश भाषेत गायले जाणारे लोकप्रिय संगीत, या क्षेत्रातील बहुतेक नामवंत गायकांच्या अशा सूची सहज उपलब्ध आहेत आणि त्या वाचल्या की गायकाची सारी वाटचाल समोर उभी राहते. कोलंबियातील बारांकिया या बंदराच्या गावी १९७७ साली जन्मलेल्या शकिराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिचा 'माहिया' हा पहिला संग्रह १९९१ साली आणि 'पेलिग्रो' हा दुसरा १९९३ साली आला, दोन्ही फारसे विकले गेले नाहीत, १९९५ च्या 'पिएस देस्काल्सोस'ने तिला स्पॅनिशभाषक जगात नाव मिळवून दिले आणि २००१ च्या 'लॉन्ड्री सर्व्हिस'मध्ये ती प्रथमच प्रामुख्याने इंग्रजीतून गायली. गाजलेल्या गाण्यांइतकीच पडलेली गाणीही सूचीत राहतात, म्हणूनच तिसऱ्या संग्रहाचे यश कोणत्या कष्टांतून आले हे अभ्यासकाला कळू शकते.

खान्देशात आज हीच कसोटी लावून पाहावी असा गायक आहे आणि तो जळगाव जिल्ह्यातील बंजारा समाजातून आलेला संजू राठोड हा होय. स्वतः गीत लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा हा तरुण २०२३ च्या 'नऊवारी'ने महाराष्ट्रभर ऐकला जाऊ लागला, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या 'गुलाबी साडी'ने तो मराठीच्या सीमेपलीकडे पोहोचला, त्यानंतर 'काली बिंदी' आले आणि एप्रिल २०२५ मध्ये 'शेकी' आले. 'गुलाबी साडी'चे संगीतसंयोजन जी-स्पार्क या नावाने काम करणाऱ्या संगीतकाराचे असून दृश्यफितीत प्राजक्ता घाग आहे, तर 'शेकी'च्या दृश्यफितीत ईशा मालवीय आहे. 'गुलाबी साडी' न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील फलकावर झळकल्याची बातमी वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली. ती अभिमानाची असली, तरी अभ्यासाच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. या कारकिर्दीला चित्रपटाचा आधार नाही आणि संग्रहाचाही नाही. ती सगळी 'सिंगल'वर, म्हणजे एकेक गाणे स्वतंत्रपणे प्रकाशित करण्याच्या पद्धतीवर उभी आहे.

या पद्धतीचे अर्थकारण आणि तंत्र समजून घेतल्याशिवाय ही गाणी का फोफावली हे उमगत नाही. लाखेच्या तबकडीच्या काळात गाणे मुद्रित करायचे की नाही हे मुंबई-कोलकात्याची कंपनी ठरवत असे आणि एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि 'नवीन पोपट'सारख्या गाण्याने आनंद शिंदे यांचा आवाज गावोगावच्या रिक्षांत व लग्नमांडवांत पोहोचवला, तरी कॅसेटची एक बाजू भरायला चार-पाच गाणी लागत आणि भांडवल घालणारा व्यापारी लागेच. आता गायक आपले गाणे वितरकाकडे सोपवतो आणि वितरक ते एकाच दिवशी इंटरनेटवरील सर्व संगीतमंचांवर चढवतो. 'गुलाबी साडी'च्या पाठीशी असलेली बिलीव्ह ही अशीच वितरणसेवा देणारी, २००५ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली कंपनी आहे. जळगावच्या गाण्याला जगभर जाण्यासाठी मुंबईच्या चित्रपटनिर्मात्याची परवानगी लागली नाही, हा बदल लहान नव्हे.

'गुलाबी साडी'ची रचना जवळून पाहिली तर हे गाणे आपल्या प्रसाराची सोय आपल्याच पोटात घेऊन आले आहे असे दिसते. नटलेली स्त्री आपल्या प्रियकराला आपला फोटो काढायला सांगते, एवढाच त्याचा विषय आहे. साडी, लाली, दागिने यांची वर्णने लावणीला नवी नाहीत आणि खान्देशातल्या लग्नगीतांनाही नाहीत. नवे आहे ते इतकेच, की इथे शृंगार पाहणारा डोळा मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आहे. ज्या हजारो मुलींनी गुलाबी साडी नेसून या गाण्यावर रील केली त्यांनी गाण्यातल्या नायिकेची मागणीच अक्षरशः पुरी केली, आणि प्रत्येक रील ही त्या गाण्याची नवी जाहिरात झाली. 'नऊवारी', 'गुलाबी साडी', 'काली बिंदी' ही शीर्षके एकापुढे एक ठेवली म्हणजे कवीने आपला विषय विचारपूर्वक निवडून धरून ठेवला आहे हेही ध्यानात येते. अशा गाण्यांना उथळ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, परंतु ज्या गाण्यावर खेड्यातली आणि शहरातली मुलगी एकाच हौसेने नटते त्याच्या बांधणीत कसब असते आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

या गाण्यांच्या ठेक्याची लॅटिन पॉपशी तुलना करताना मात्र सावध राहावे लागते. लॅटिन पॉपमधील आजचा सर्वांत प्रचलित प्रवाह रेगेटोन हा होय आणि त्याचा कणा 'डेंबो' नावाचा ठेका आहे. जमैकातील स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस रचलेल्या तालखंडातून, शॅबा रँक्स या गायकाच्या १९९० च्या सुमारास आलेल्या 'डेम बो' या गाण्यामार्फत हा ठेका पनामा व पोर्तो रिको येथे रुजला आणि डॅडी यांकीच्या २००४ च्या 'गासोलिना'ने तो जगाला ठाऊक झाला. त्यात आठ सूक्ष्म मात्रांची तीन, तीन आणि दोन अशी विभागणी ऐकू येते. आठ मात्रांच्या केरव्यालाही असेच वजन देता येते आणि आपल्या वाजंत्र्यांना ते परके नाही, म्हणून लॅटिन ठेक्यावर रचलेले गाणे खान्देशी कानाला ओळखीचे वाटते. पण या साम्यावरून कोणी कोणाचा ठेका उचलला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण आठ मात्रा अशा तोडण्याची रीत आफ्रिकेपासून भारतापर्यंत अनेक ठिकाणी आढळते.

भाषेच्या बाबतीत लॅटिन पॉपचा अनुभव खान्देशाला अधिक उपयोगी आहे. २००१ साली शकिराला अमेरिकेची बाजारपेठ गाठण्यासाठी इंग्रजीकडे वळावे लागले. पुढे लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी यांचे 'देस्पासितो' जानेवारी २०१७ मध्ये आले आणि जस्टिन बीबरच्या सहभागाने झालेल्या आवृत्तीसह ते मुख्यतः स्पॅनिशमध्येच राहून अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १६ आठवडे पहिल्या स्थानी टिकले, तर बॅड बनी या गायकाचा २०२० चा 'एल उल्तिमो तूर देल मुंदो' हा त्याच संस्थेच्या संग्रहांच्या यादीत अग्रस्थानी गेलेला पहिला पूर्ण स्पॅनिश संग्रह ठरला. संजू राठोडच्या गाजलेल्या गाण्यांची भाषा मराठी आहे, ती खान्देशची अहिराणी नाही आणि बंजारा घरांतली गोरमाटीही नाही. व्यापक श्रोतृवर्गाकडे जाण्याचा तो साहजिक मार्ग आहे आणि त्याबद्दल गायकाला बोल लावणे अन्यायाचे होईल. भाषाभ्यासक ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांबरोबर खान्देशी म्हणजे अहिराणी आणि बंजारी म्हणजे गोरमाटी या दोन्ही बोली एकाच ग्रंथात नोंदल्या गेल्या होत्या. शंभराहून अधिक वर्षांनी त्याच दोन बोलींच्या मुलखातला गायक जगभर ऐकला जात असताना त्याच्या परिसरातल्या या बोली मात्र त्याच्या यशाच्या कडेला उभ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषेत मोजले गेलेले सुमारे १८.६ लाख लोक होते, तर बंजारी, लमाणी या बोली हिंदीच्या पोटात मोजल्या गेल्या.

अहिराणीला स्वतःचे गाजलेले गाणे नाही असे मात्र मुळीच नाही. सचिन कुमावत यांच्या चमूचे आणि अण्णा सुरवाडे यांनी गायलेले 'बबल्या इकस केसावर फुगे' हे गाणे ज्या फेरीवाल्यावर बेतलेले आहे तो धुळे-जळगावच्या गल्ल्यांत वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. बायकांच्या विंचरलेल्या केसांचे गुंतवळ घेऊन त्या बदल्यात पोरांना फुगे देणारा हा माणूस छापील साहित्यात क्वचितच आला असेल, आणि बोलीतल्या एका नाचत्या गाण्याने त्याला कोट्यवधी लोकांपुढे आणले. विनोद कुमावत यांच्या दृश्यफितीतून पसरलेले 'हाई झुमका वाली पोर' हे तर अहिराणीचा गंध नसलेल्या लोकांनी रीलमध्ये गुणगुणले. त्याआधी बहिणाबाई चौधरी यांची लेवा बोलीतली गाणी १९६१ च्या 'मानिनी' या चित्रपटातून महाराष्ट्रभर गेली होती, पण त्यासाठी आधी १९५२ साली पुस्तक निघावे लागले आणि मग चित्रपट लाभावा लागला. अहिराणी गाण्याने ही दोन्ही दारे वगळून थेट श्रोता गाठला.

तथापि या सर्व गाण्यांची सूची आजही कोणी केलेली दिसत नाही, आणि या लेखाचा खरा आग्रह तोच आहे. ऑस्ट्रेलियन अभ्यासक मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील पहिल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची तयार केली, त्यामुळे शतकापूर्वी कोण काय गायले हे आज सांगता येते. त्या काळच्या बहुतेक तबकड्यांवर मधोमध कागदी लेबल असे आणि लेबलाजवळ साच्याचा क्रमांक कोरलेला असे. त्या क्रमांकावरून मुद्रणाची तारीख काढता येते. आजच्या डिजिटल ध्वनिमुद्रणालाही आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक असतो. त्यातील पहिली पाच अक्षरे नोंदणीदाराची, नंतरचे दोन अंक वर्षाचे आणि शेवटचे पाच त्या मुद्रणाचे असतात. मग अडचण कुठे आहे? हा क्रमांक श्रोत्याला सहसा दिसत नाही, गाण्याची इंटरनेटवरची वाहिनी बंद पडली की दृश्यफितीबरोबर श्रेयनामावलीही जाते, आणि संगीतमंचांवर अहिराणी गाणी अनेकदा 'मराठी' या एकाच खान्यात पडतात. कॅसेटच्या काळाची अवस्था याहून कठीण आहे, कारण त्या कॅसेट घरोघरच्या माळ्यांवर आणि पेट्यांत पडून आहेत, फीत चिकटते, बुरशी धरते आणि आवाज एकदा गेला की परत येत नाही.

ही उणीव धुळ्यात राहावी हे विशेष खटकते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रे गोळा केली, १९२६ साली त्यांचे निधन धुळ्यातच झाले आणि त्यांनी जमवलेला ठेवा सांभाळण्यासाठी पुढील वर्षी येथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या शहराने बखरी आणि फर्माने जपण्याची शिस्त महाराष्ट्राला दाखवली त्या शहराने आपल्या बोलीचा आवाजही त्याच शिस्तीने जपावा. त्यासाठी मोठा निधी किंवा मोठी इमारत लागत नाही. धुळ्याच्या देवपूर भागातल्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी एका वर्षात प्रकल्प म्हणून शंभर गाण्यांच्या नोंदी केल्या तरी पायाभरणी होईल, आणि त्यांतील निवडक नोंदी मंडळाच्या 'संशोधक' या नियतकालिकाला पाठवता येतील.

तेव्हा देवपूर, धुळे, अमळनेर, चोपडा, शहादा येथील वाचकांना विनंती अशी, की घरात अहिराणी, लेवा बोलीतल्या किंवा बंजारा गाण्यांच्या कॅसेट असतील तर त्या भंगारात देण्यापूर्वी त्यांच्या वेष्टनावरचे गायक, गीतकार, वादक, कंपनी, गाव आणि वर्ष एका वहीत उतरवून घ्यावे, कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, फीत चालत असेल तर ती मोबाइलवर का होईना मुद्रित करून ठेवावी, आणि जी मंडळी आज नवी गाणी करत आहेत त्यांनी प्रत्येक गाण्याखाली ढोलकीवाल्यापासून कोरसपर्यंत सर्वांची नावे व बोलीचे नाव न चुकता लिहावे.